चाहता लोकांची हकालपट्टी मुलांना शिकवताना

आमच्या टेक्ससमधल्या रविवारच्या मराठी शाळेत पाचवीच्या मुलांना मी एकदा सांगितलं होतं, की या आठवड्यात इंग्रजी शाळेत जे शिकलात त्यातली एक गोष्ट मराठीत लिहून आणा. एका मुलीने लिहिलं : ‘चॉक्टॉ लोक मिसिसिपी सोडून ओक्लाहोमात राहायला गेले. वाटेत थंडी होती. खूप लोक वारले.’ (चॉक्टॉ, म्हणजेच शीर्षकातले चाहता, ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात.) अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक. पण ‘राहायला गेले’ या शब्दांपाशी माझं पेन थांबलं. आपण पुण्याहून डॅलसला राहायला येतो, तसे ते गेले नव्हते. त्यांना घालवून दिलं होतं.

तिचा दोष नव्हता. तिच्या धड्यात जे होतं तेच तिने लिहिलं होतं. तेव्हापासून हा विषय मी दरवर्षी घेते. तुम्ही पहिल्यांदाच घेणार असाल, मग घरी आई-बाबा म्हणून असो की वर्गात शिक्षक म्हणून, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चार-पाच बैठका लागतात. एका तासात उरकायचा हा विषय नाही.

पहिली पायरी : आधी स्वतःचं पक्कं करा

मुलं नेमकं विचारतात, म्हणून निदान एवढा पट डोक्यात हवा.

चॉक्टॉ लोकांचा मुलूख म्हणजे आजचं मिसिसिपी राज्य आणि त्याला लागून असलेला अलाबामा-लुइझियानाचा काही भाग. अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याशी १७८६ पासून एकामागून एक करार केले आणि जवळजवळ प्रत्येक करारात त्यांची जमीन आकसत गेली. जानेवारी १८३० मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा करून त्यांची स्वतःची राज्यव्यवस्थाच रद्द ठरवली. यापुढे कोणी प्रमुख म्हणून वागला तर दंड आणि कैद. त्याच वर्षी २८ मे रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी ‘इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट’वर, म्हणजे मूळनिवासींना पश्चिमेला पाठवण्याच्या कायद्यावर सही केली आणि २७ सप्टेंबरला ‘डान्सिंग रॅबिट क्रीक’ या ओढ्याकाठी करार झाला. चॉक्टॉंची मिसिसिपीतली उरलीसुरली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली. या कायद्याखाली हाकलली गेलेली ही पहिली जमात. १८३१, १८३२ आणि १८३३ अशा तीन हंगामांत त्यांना पश्चिमेला नेलं गेलं. सुमारे १५,००० माणसं निघाली आणि अंदाजे २,५०० वाटेत दगावली.

पुष्कळ पुस्तकांत ‘ट्रेल ऑफ टिअर्स’ (अश्रूंची वाट, या हकालपट्टीला पडलेलं नाव) म्हणजे फक्त चेरोकी ही दुसरी जमात आणि १८३८ साल, असं असतं. चेरोकींचे हाल खरेच आहेत. पण त्यांच्या सात वर्षं आधी चॉक्टॉ या वाटेने गेले होते.

दुसरी पायरी : शब्द ठरवून घ्या

माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

पहिला शब्द त्यांच्या नावाचा. ते स्वतःला ‘चाहता’ म्हणतात. मराठी मुलं हे ऐकून हमखास हसतात, कारण आपल्याकडे चाहता म्हणजे एखाद्या खेळाडूचा किंवा नटाचा चाहता. हसू द्या. हसून झालं की सांगा, की हे त्यांचं स्वतःचं, त्यांच्या भाषेतलं नाव आहे. माझ्या वर्गात ते नाव नंतर कोणी विसरलेलं नाही.

‘रेड इंडियन’ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या, आपल्याही तोंडात बसलेला आहे. तो सोडा. मुलांना त्याचं कारणही सांगा : कोलंबस आशियाला पोहोचलो असं समजत होता, त्यातून हे नाव पडलं. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांचा इथे खरोखर गोंधळ होतो, कारण शाळेत त्यांनाही ‘इंडियन’ म्हणतात. शक्य असेल तिथे जमातीचं नाव घ्यायचं, हा साधा नियम पुरतो.

आता क्रियापद. ‘स्थलांतर’ हा शब्द आपण पक्ष्यांसाठी वापरतो, नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यांसाठीही वापरतो. इथे तो चालणार नाही. ‘विस्थापन’ चालेल, पण लहान मुलांना तो जड जातो. मी ‘हकालपट्टी’ म्हणते, आणि अगदी लहानांशी बोलताना ‘घालवून दिलं’.

आणि मग व्याकरणाचा एक खेळ. फळ्यावर लिहा : ‘चाहता लोकांना पश्चिमेला हलवण्यात आले.’ मुलांना कर्ता शोधायला सांगा. ती शोधत राहतात, सापडत नाही. या वाक्यात कर्ता लपलेला आहे. मग विचारा, कोणी हलवलं? एकेक उत्तर आलं की खाली लिहीत जा. कायदा कोणी केला? काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने. सही कोणी केली? जॅक्सन यांनी. करार कोणी करून घेतला? युद्धमंत्री जॉन ईटन आणि जनरल जॉन कॉफी यांनी. नंतर त्या जमिनीवर कोण येऊन बसलं? कापूस पिकवणारे मळेवाले. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एवढं कळलं, की पुढे कुठल्याही धड्यातलं ‘करण्यात आले’ दिसताच ते ‘कोणी?’ असं विचारू लागतं. माझ्या वर्गातली मुलं आता वर्तमानपत्रातल्या मथळ्यांनाही हाच प्रश्न विचारतात.

तिसरी पायरी : सुरुवात घरापासून

पहिल्याच दिवशी बर्फ, उपासमार, मृत्यू यांवर जाऊ नका. काय गमावलं हे मुलांना ठाऊक नसेल, तर गमावणं त्यांना कळणार कसं? पूर्ण एक बैठक फक्त घराला द्या.

गोष्टीने सुरुवात करा. फार पूर्वी पश्चिमेकडून दोन भाऊ आपापली माणसं घेऊन निघाले, चाहता आणि चिकसा. बरोबर एक पवित्र काठी. रोज मुक्कामाला ती जमिनीत रोवायची आणि सकाळी ती ज्या दिशेला कलली असेल तिकडे चालू लागायचं. रोज ती पूर्वेला कललेली असायची. आपल्या पूर्वजांच्या अस्थी ते पाठीवर वाहून नेत होते. एके सकाळी पाहतात तर काठी सरळ उभी. तिथेच त्यांनी वस्ती केली आणि अस्थी ठेवून वर मातीची टेकडी रचली : नानिह वाया. चिकसाची माणसं पुढे वेगळी झाली, ते आजचे चिकसॉ लोक. ही गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगतात. एका कथेत तर माणसं त्या टेकडीच्या पोटातूनच बाहेर आली. म्हणून ती टेकडी त्यांना आईसारखी. मिसिसिपीत विन्स्टन काउंटीमध्ये ती आजही उभी आहे आणि २००८ मध्ये ती पुन्हा तिथल्या चॉक्टॉंच्या ताब्यात आली.

ही गोष्ट मी काठी घेऊन सांगते. एका कुंडीत झाडूची काडी रोवायची आणि ती तिरकी-सरळ करायची. सात वर्षांची मुलंही श्वास रोखून ऐकतात.

मग घर. सिनेमांमुळे मुलांच्या डोळ्यांसमोर कातडी तंबू आणि पिसांचा मुकुट येतो. तो आधी पुसायला हवा. चॉक्टॉ शेतकरी होते. काठ्या-कामट्या विणून वर माती लिंपलेल्या भिंती, वर गवती छप्पर, अशी त्यांची जुनी घरं. कोकणातल्या माणसाला ‘कुडाचं घर’ म्हटलं की झालं. १८३० पर्यंत बरीच कुटुंबं लाकडी ओंडक्यांच्या घरांत राहत होती, गुरं पाळत होती, सूत कातत होती, मुलांना शाळेत घालत होती. हे आवर्जून सांगा. ‘जंगलात भटकणाऱ्यांना नवी जागा दिली’ असा समज मुलांच्या मनात कुठून तरी शिरलेला असतो.

शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र. मक्याच्या धाटावर वेल चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात. मक्याला त्यांचा शब्द ‘तांची’. एक पदार्थ करूनच पाहा : बनाहा. मक्याचं जाडसर पीठ घ्या. पांढरं, पावडरीसारखं कॉर्नफ्लोअर नको, त्याची खळ होईल. मीठ घालून गरम पाण्यात मळा, बोटाएवढे लांबट गोळे करा, भिजवलेल्या मक्याच्या सालात गुंडाळा, सालाच्याच पट्टीने बांधा आणि अर्धा-पाऊण तास उकळा. पातोळ्या करणाऱ्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. साल उलगडताना जो गोडसर, ओल्या कणसाचा वास येतो तो मुलांच्या लक्षात राहतो. चव तशी बेताचीच असते. त्यांच्याकडे ते कालवणाबरोबर खातात, आम्ही आमटीबरोबर खाल्लं.

चौथी पायरी : करार म्हणजे काय, आणि हा कसला करार

‘सही केली ना त्यांनी? मग?’ हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे. सही झाली होती. ग्रीनवूड लफ्लोर, मुशुलाटुबी आणि निटाकेची या तिन्ही विभागप्रमुखांनी केली होती. पण ती कशी झाली ते पाहायला हवं. सप्टेंबर १८३० मध्ये हजारो चॉक्टॉ त्या ओढ्याकाठी जमले. त्यांच्या विश्वासातल्या मिशनऱ्यांना सरकारी आयुक्तांनी तिथे येऊ दिलं नाही. दारू विकणारे आणि जुगारवाले मात्र आले. जमीन द्यायची नाही असं बहुसंख्यांचं मत पडलं आणि बरेचजण घरी परतले. मागे राहिलेल्यांना सांगण्यात आलं, की ऐकलं नाहीत तर राज्याचे कायदे तुमच्यावर लागू होतील आणि सरकार तुमचं रक्षण करणार नाही. इथेही मुलांना विचारा, ‘सांगण्यात आलं’ म्हणजे कोणी सांगितलं? ईटननी.

मोठ्या मुलांशी, तेराच्या पुढच्या, कापसावर बोला. डान्सिंग रॅबिट क्रीकचा परिसर काळ्या मातीचा आहे. कापसाला लागते तशी ती माती आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची भूक. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. या धाग्याचं दुसरं टोक खरोखर आपल्याकडे येतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडच्या कापसावर झडप घातली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. अडलेल्या त्या कापसातला कितीतरी या हिसकावलेल्या जमिनीवर गुलामांच्या हातांनी पिकलेला होता.

पुशमताहांचं नावही इथे घ्या. हे चॉक्टॉंचे थोर प्रमुख १८१२ च्या युद्धकाळात जॅक्सन यांच्याच बाजूने लढले होते. १८२४ मध्ये जमिनीच्या बोलणीसाठी वॉशिंग्टनला गेले असताना त्यांचा मृत्यू झाला आणि लष्करी इतमामात त्यांचं दफन तिथेच झालं. सहा वर्षांनी जॅक्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. इथे वर्ग शांत होतो. त्या शांततेत लगेच काही बोलायला जाऊ नका.

पाचवी पायरी : वाट

मोठा नकाशा जमिनीवर पसरा. मिसिसिपीतली गावं, मेम्फिस आणि व्हिक्सबर्ग ही जमण्याची ठिकाणं, मग मिसिसिपी नदी, आर्कान्सा आणि वॉशिटा नद्या आणि शेवटी आजच्या ओक्लाहोमाचा आग्नेय कोपरा. सरळ रेषेत साडेपाचशे ते सातशे किलोमीटर. मुंबईहून नागपूर समजा, थोडं बोटीने, थोडं बैलगाडीने आणि खूपसं पायी.

पहिली तुकडी १८३१ च्या शरदात उशिरा निघाली आणि त्या हिवाळ्याने गाठली. आर्कान्सा पोस्ट इथे माणसं हिमवादळात अडकली. तंबू अपुरे, पांघरुणं अपुरी, कितीकांच्या अंगावर उन्हाळी कपडे. १८३२ च्या तुकड्यांना पटकी भोवली. कंत्राटं, गाड्या, धान्य, सगळ्या व्यवस्थेत काटकसर आणि हलगर्जी होती. नुसतं ‘निसर्ग कोपला’ म्हणून हे सोडू नका.

१८३१ च्या डिसेंबरात अलेक्सी द तोकव्हील हा तरुण फ्रेंच प्रवासी मेम्फिसला होता. त्याने चॉक्टॉंना नदी ओलांडताना पाहिलं. जखमी, आजारी, नुकती जन्मलेली बाळं, मरणाच्या दारातले म्हातारे. पण रडण्याचा, हुंदक्यांचा आवाज नाही. सगळे गप्प. माणसं बोटीत चढली, कुत्री काठावर राहिली. मालक आपल्याला सोडून निघाले हे कळताच कुत्र्यांनी एकदम हंबरडा फोडला आणि त्या बर्फगार पाण्यात उड्या घेऊन ती बोटीमागे पोहू लागली. लहान मुलांना मी वाटेबद्दल एवढंच सांगते. मृत्यूचे आकडे त्यांना नकोत. कुत्री पुरतात. त्यानंतर मुलं आपल्या भाषेत जे काही विचारतील, त्याचं खरं आणि थोडक्यात उत्तर द्या.

नऊ-दहाच्या पुढच्यांसाठी मक्याचे दाणे. ताटात १५० दाणे ठेवा. एक दाणा म्हणजे शंभर माणसं. मग एकेक करून २५ बाजूला काढा, हळूहळू, काही न बोलता. वर्गातल्या मुलांनाच मोजून ‘तुमच्यातले तीन गेले’ असं मात्र कधी करू नका.

आणि ‘नाटक करून दाखवू’ हा मोह टाळा. मी तो केला होता. पहिल्या वर्षी मुलांच्या खांद्यांवर चादरी टाकून त्यांना सभागृहाला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला शर्यत लागली आणि एकजण ‘मी जिंकलो’ म्हणून ओरडला. मुलांनी खेळ केला, कारण मी त्यांना खेळच दिला होता. चालण्याने त्या माणसांचं दुःख कळत नाही, त्यांचे स्वतःचे शब्द वाचल्याने थोडंफार कळतं. जॉर्ज हार्किन्स या चॉक्टॉ प्रमुखाने १८३२ मध्ये अमेरिकी जनतेला निरोपाचं पत्र लिहिलं. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा, की ज्या कायद्यांच्या घडणीत आमचा आवाज नाही, त्यांच्याखाली मानहानी सोसून जगण्यापेक्षा हाल सोसून मोकळं राहणं आम्ही पत्करलं. मोठ्या मुलांना हे पत्र मुळातून वाचायला द्या आणि एका परिच्छेदाचं मराठी करायला सांगा.

सहावी पायरी : अवघड भाग वगळू नका

काही श्रीमंत चॉक्टॉ कुटुंबांकडे काळे गुलाम होते आणि त्या गुलामांनाही याच वाटेने फरफटत नेलं गेलं. तेराच्या पुढच्या मुलांना हे सांगायलाच हवं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातूनही दुसऱ्यावर अन्याय होत होता, हे त्या वयात पेलतं. उशिरा दुसरीकडून कळलं तर मुलांना तुमचं आधीचं सगळंच खोटं वाटतं.

काहीजण मागे राहिले, तेही सांगा. कराराच्या चौदाव्या कलमाप्रमाणे मिसिसिपीत राहू इच्छिणाऱ्या कुटुंबप्रमुखाला ६४० एकर जमीन मिळायची होती. पण विल्यम वॉर्ड या सरकारी एजंटने फार थोड्यांची नावं नोंदवली. उरलेल्यांची जमीन गेली आणि ते आपल्याच मुलखात दुसऱ्यांच्या शेतात राबत राहिले. त्यांचे वंशज म्हणजे आजची मिसिसिपी बँड ऑफ चॉक्टॉ.

सातवी पायरी : १८३३ वर थांबू नका

इथे थांबलात तर मुलं समजतात की ती माणसं संपली. नव्या मुलखात १८३४ मध्ये चॉक्टॉंनी राज्यघटना लिहिली आणि राजधानीला नाव दिलं, तेच, नानिह वाया. ‘ओक्लाहोमा’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला : ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, फ्रान्समध्ये जर्मन सैन्य अमेरिकनांचे टेलिफोन चोरून ऐकत होतं, तेव्हा चॉक्टॉ सैनिकांनी आपल्या भाषेत निरोप देऊन त्यांना चकवलं. मशीनगनला ते म्हणत ‘भरभर गोळ्या झाडणारी छोटी बंदूक’. यातल्या अनेकांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्वही नव्हतं. सगळ्या मूळनिवासींना ते १९२४ च्या कायद्याने मिळालं.

आणि आयर्लंडची गोष्ट. हकालपट्टीला दीड दशक होतं न होतं तोच, २३ मार्च १८४७ रोजी, चॉक्टॉंच्या नव्या मुलखातल्या स्कलीव्हिल इथे जमलेल्यांनी आयर्लंडमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी १७० डॉलर गोळा केले. कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावी त्याचं स्मारक आहे : पोलादाची नऊ उंच पिसं, वर्तुळात उभी. मार्च २०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान ओक्लाहोमातल्या ड्युरंट इथे चॉक्टॉ नेशनला भेटायला आले आणि त्यांनी चॉक्टॉ तरुणांसाठी आयर्लंडमध्ये शिकण्याची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्या पंतप्रधानांचं नाव लिओ वराडकर. वडिलांकडून ते मालवण तालुक्यातल्या वराडचे. हे ऐकलं की आमच्या मालवणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मात्र ही गोष्ट ‘शेवट गोड झाला’ म्हणून वापरू नका. १७० डॉलर दिले म्हणून १ कोटी १० लाख एकर परत येत नाहीत.

काही प्रश्न, जे येतीलच

‘ते लढले का नाहीत?’ समोर सैन्य किती होतं ते सांगा, आणि वर्षानुवर्षं ते कराराने, वकिलीने, बोलण्यानेच लढत होते हेही सांगा. ‘जॅक्सन वाईट होते, तर वीस डॉलरच्या नोटेवर का?’ याचं उत्तर तुम्ही देऊ नका. नोट टेबलावर ठेवा आणि मुलांना बोलू द्या. ‘आपण राहतो ती जमीन कोणाची होती?’ शोधून ठेवा, कारण हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. टेक्ससच्या उत्तर भागात कॅडो, विचिता अशा लोकांची नावं येतात.

डॅलसच्या आसपास राहत असाल तर ड्युरंट दीड तासावर आहे. तिथलं चॉक्टॉ सांस्कृतिक केंद्र २०२१ मध्ये उघडलं. मुलांना न्या, तिथल्या माणसांकडून ऐकू द्या. जाण्याआधी दोन शब्द घोटून घ्या : भेटल्यावर ‘हलितो’, आभार मानायला ‘याकोके’. भारतात शिकवत असाल तर चॉक्टॉ नेशनचे भाषेचे धडे ऑनलाइन आहेत, उच्चार तिथे ऐका, माझ्या देवनागरीवर विसंबू नका.

शेवटच्या तासाला मी तिसरं एक वाक्य शिकवते : ‘चि पिसा ला चिके’. पुन्हा भेटेन तुला, असा त्याचा अर्थ. मराठी घरातल्या मुलाला ते समजवावं लागत नाही, कारण उंबऱ्यातून ‘जातो’ म्हटलं की आजी त्याला लगेच थांबवते आणि ‘येतो’ म्हणायला लावते. आमच्या वर्गातली मुलं बूट घालता घालता दोन्ही म्हणतात.